मराठीत स्पायडरमॅन म्हटल्यावर हसलेल्या माझ्या फॅन दोस्तांना खुलं पत्र

कट्ट्यावरच्या समस्त मंडळींनो,

पत्र तुम्हालाच आहे, पण उघड्यावर लिहितोय. एक तर हे आपल्या कोल्हापुरातल्या सतरा-अठरा टाळक्यांपुरतं नाही, सांगलीला जा, सोलापूरला जा, नाशिकला जा, स्पायडरमॅनचे फॅन सगळीकडे असेच आहेत. आणि दुसरं म्हणजे कट्ट्यावर बोलायला गेलं की माझं वाक्य संपायच्या आत कुणीतरी ‘अरे पण मिगेलचं काय’ (मिगेल म्हणजे पिक्चरमधला सगळ्या स्पायडरमॅनांचा म्होरक्या) करून सुरू होतो, मग माझं राहतं ते राहतंच.

परवाच्या शनिवारी आपण गच्चीवर पांढरी चादर ताणून ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’, म्हणजे वेगवेगळ्या विश्वांतल्या स्पायडरमॅनांच्या ॲनिमेशन पिक्चरचा दुसरा भाग, परत बघितला. ठरवून बघितला, कारण तिसरा भाग २०२७ च्या जूनमध्ये येतोय आणि त्याच्या आधी उजळणी पाहिजे. सिनेमा १४० मिनिटांचा आणि त्यावरचा वाद रात्री दोनपर्यंत, शेजारच्या काकूंनी दोनदा बाल्कनीतला लाइट लावून बंद केला तरी आपण गप्प नाही. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही, असल्या रात्रींसाठीच तर माणूस फॅन होतो. तक्रार शेवटच्या पाच मिनिटांची आहे. तिसरा भाग लागला की पहिल्या रविवारचा एक आख्खा शो आपण मिळून बुक करायचा असं ठरलं आणि मी म्हटलं, मराठीत आला तर मराठीचा करूया का.

तुम्ही हसलात. एकाने लगेच घसा बसवून ‘थांब दुष्टा, कोळीमाणूस आला आहे’ असा आवाज काढला, त्यावर आणखी हसलात, आणि खोटं कशाला बोलू, मीपण हसलो कारण आवाज खरंच भारी काढला होता. मग कुणीतरी ‘चला, इंग्लिश फायनल’ म्हणालं, चादर सोडली, गच्चीला कुलूप. हात वर करा, कुणाला काय वाटतं सांगा, काही नाही. दुसऱ्याच्या विश्वात काय घडायलाच पाहिजे हे ठरवायचा मिगेल ओहाराला काय अधिकार, यावर आपण तीन तास घसा कोरडा केला आणि हे प्रकरण दहा सेकंदात निकाली.

मला ते पटलेलं नाही. घरी येऊन गाडी स्टँडला लावताना पटलं नव्हतं, आज आठ दिवस झाले तरी पटत नाही.

माझा यात एवढा काय जीव अडकलाय ते आधी सांगतो. २०२३ ला हा पिक्चर आपल्याकडे १ जूनला लागला, अमेरिकेच्या एक दिवस आधी, आणि जाहीर झालं होतं की दहा भाषांमध्ये येतोय, इंग्लिश, हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि मराठी. यादीत मराठी दिसल्यावर मी अण्णांना म्हटलं, चला. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, तेव्हा वय सहासष्ट. गाडीच्या झाडून सगळ्या पार्टांची नावं त्यांना इंग्लिशमध्येच येतात, पण पडद्यावर अमेरिकन पोरं भराभरा बोलायला लागली की त्यांचा कान मागे राहतो आणि मग ते दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघतात, आणि मी सांगत बसलो की पुढच्या रांगेतला मागे वळून बघतो.

तर मराठी शो शोधला. मला एक पण सापडला नाही. खिडकीवरच्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, ‘मराठी पिक्चर दोन नंबर स्क्रीनला आहे दादा, हा इंग्लिश पिक्चर आहे.’ त्याचं काही चुकलं नाही, त्याच्या कॉम्प्युटरवर जे होतं ते त्याने सांगितलं. शेवटी हिंदीत बघितला. सुरुवातीला ग्वेन, म्हणजे दुसऱ्या विश्वातली पोरगी-स्पायडरमॅन, ड्रम वाजवत बोलते तिथे बोलणं आवाजात बुडत होतं, अण्णांना वाटलं आपला कानच गेला (कान ठीक होता, त्या पहिल्या दिवसांत डायलॉग ऐकू येत नाहीत म्हणून जगभर बोंब झाली होती). मग बराच वेळ ते गप्प. मला वाटलं झोपले.

आणि पिक्चर मुंबॅटनमध्ये शिरला. मुंबई आणि मॅनहॅटन एकात एक घुसवलेलं ते शहर, वर-खाली-आडवी वाहतूक, त्यातून तो पवित्र प्रभाकर उड्या मारत येतो. अण्णांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, ‘हा वेताळ आहे.’ मी म्हटलं अण्णा, हा स्पायडरमॅनच आहे, इंडियातला. ते म्हणाले, ‘तसं नाही रे. रंग बघ.’

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. आत इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा, मराठीतला. पोरांनो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ ला हे सुरू केलं, १९९० पर्यंत चाललं, मराठीतही निघायचं आणि त्यात फँटम हा फँटम नव्हता, वेताळ होता. अण्णांनी एक अंक उघडला, पान तपकिरी पडलेलं, कडेला वाळवीने खाल्लेलं, आणि झाडाच्या हिरव्या रंगावर बोट ठेवलं. हिरवा रंग काळ्या रेषेच्या बाहेर सांडला होता. छापताना रंग थोडा सरकला की असं व्हायचं, आकाशाचा पिवळा घोड्याच्या पाठीवर यायचा. मुंबॅटन तसंच आहे. नंतर मी वाचलं की ते शहर रंगवताना पिक्चरवाल्यांनी १९७० च्या दशकातली इंद्रजाल कॉमिक्सच डोळ्यासमोर ठेवली होती. अण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी थिएटरच्या अंधारात बघून ओळखलं.

आता सांगा, पंधरा वर्षांचा असताना ज्या माणसाने मुखवट्यातला हिरो मराठीत वाचला, भाड्याने आणून, पाळीने, रात्री कंदिलाजवळ, त्याला कधी वाटलं नाही की हे मराठीत शोभत नाही. वेताळ मराठीत बोलला, मँड्रेक मराठीत बोलला, कुणी हसलं नाही. हसणारे आपण, नंतर आलेले. आपल्या लहानपणी कार्टून हिंदीत लागायची, मग थोडे मोठे झाल्यावर इंग्लिश कळतं हे दाखवायची खाज, आणि मधल्या मध्ये मराठी आपल्या कानातून कधी बाहेर पडली ते कळलंच नाही. मीपण त्यातलाच. २०२३ ला मराठी ट्रेलर आला तेव्हा तो हसायचे चार इमोजी टाकून पुढे पाठवणारा मीच होतो, आणि महिन्याभराने शो नाही म्हणून थिएटरवाल्यावर चिडणाराही मीच.

असो. आता गाऱ्हाणी. क्रम लावलेला नाही, जसं आठवतंय तसं.

पहिलं, ‘खरा फॅन’ हा शब्द. गच्चीवर ताई एवढंच म्हणाली की हा अर्धा पिक्चर आहे, आणि चौघांनी मिळून तिला ‘तू खरी फॅन नाहीस, तू सिरीयल बघ’ केलं. ती मिस्टरांच्या शिव्या खाऊन पोराला झोपवून दहा वाजता गच्चीवर आली होती. तिचं म्हणणं त्या रात्री कुणी ऐकून घेतलं नाही म्हणून मी इथे लिहितो. या पिक्चरच्या नावापुढे आधी ‘भाग एक’ होतं, २०२१ च्या शेवटी पहिली झलक आली तेव्हा होतं, पुढच्या वर्षी काढून टाकलं. म्हणजे बनवणाऱ्यांना माहीत होतं हा अर्धा आहे, तिकीट काढणाऱ्याला मात्र पडदा काळा झाल्यावर कळलं. आपला हिरो माइल्स चुकून भलत्याच विश्वात, समोर तिथला माइल्स, तोच तिथला प्राउलर नावाचा व्हिलन, तिकडे ग्वेन गँग जमवते, आणि ‘पुढील भागात’. आमच्या शोला मागच्या रांगेतला एक काका उभा राहून खरंच म्हणाला, ‘अर्धे पैसे परत द्या.’ त्यात तिसरा भाग २०२४ च्या मार्चमध्ये येणार असं सांगितलेलं, ती तारीख गेली, आता २०२७. ॲव्हेंजर्सच्या पिक्चरमध्ये थॅनोसने २०१८ ला चुटकी वाजवली तर पुढच्या एप्रिलमध्ये निकाल लागला होता, इथे चार वर्षं. या काळात अण्णांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ताईचं पोरगं बालवाडीतून दुसरीत गेलं. शिवाय तो व्हिलन स्पॉट, सुरुवातीला दुकानातलं एटीएम चोरणारा येडा, मग हळूहळू अंगावर काटा येईल असा होत जातो, आणि ऐन रंगात आला की पिक्चरमधूनच गायब, दुसरा अर्धा भाग सगळा मिगेलच्या पाठलागात. हे सगळं ताई म्हणाली. यात चुकीचं काय आहे? मला तरी एक मुद्दा खोडता आला नाही.

आणि तरी मी तिच्या बाजूचा नाही. माझं मत असं की हा पहिल्यापेक्षा मोठा पिक्चर आहे, पहिल्याइतका पूर्ण नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे आपल्या कट्ट्याला झेपत नाही. २०१८ चा पहिला भाग गोल गरगरीत लाडवासारखा, हातात घ्या, खा, संपला, त्याला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. दुसऱ्याची मजा वेगळी आहे. ग्वेन आणि तिचे बाबा समोरासमोर उभे असतात आणि त्यांच्या मागच्या भिंतीचा रंग खाली ओघळायला लागतो, पावसात भिजलेल्या चित्रासारखा. बोलणं थोडंच, भिंतच रडते. मी तो सीन पाच वेळा तरी बघितला असेल आणि प्रत्येक वेळी अभ्यास करायचा म्हणून बघतो आणि प्रत्येक वेळी विसरतो. तो गिटारवाला स्पायडरमॅन हॉबी, त्याचं अंग एका वेगाने हलतं, जाकीट दुसऱ्या, गिटार तिसऱ्या, म्हणजे माणूस कुठल्याच तालाला बांधलेला नाही हे त्याने तोंड उघडायच्या आधी कळतं. आणि गच्चीवर माइल्सची आई त्याला जे बोलते, की बाबा तू जा, पण ज्या छोट्याला मी आजवर सांभाळलं त्याला तिकडे तू सांभाळ. तिथे अण्णांनी चष्मा पुसला. मारामारी कुठलीच त्यांच्या लक्षात नाही, हे आहे. अर्ध्या पिक्चरमध्ये एवढं असेल तर मला अर्धा चालेल. पण ताईला नाही चालत आणि तिने तिकिटाचे पूर्ण पैसे दिलेत, तिला बोलायचा तेवढाच हक्क आहे.

दुसरं गाऱ्हाणं दोन्ही पार्ट्यांबद्दल, मिगेल पार्टी आणि माइल्स पार्टी. तुम्ही पुरावे लपवून भांडता राव. मिगेलवाले म्हणतात बघा, माइल्सने मुंबॅटनच्या इन्स्पेक्टर सिंगला वाचवलं, त्याचं मरण ठरलेलं होतं ते मोडलं आणि लगेच मुंबॅटनमध्ये भोक पडलं. पण त्याच्या जरा आधी तिथे स्पॉटने कोलायडर नावाचं यंत्र फोडलं होतं, त्याचं काय? भोक नक्की कशाने पडलं? आणि माइल्सवाले म्हणतात मिगेल नुसता हुकूमशहा. अरे त्याने स्वतः दुसऱ्या विश्वात मेलेल्या मिगेलची जागा घेतली होती, तिथल्या पोरीचा बाप झाला होता आणि ते सगळं विश्व त्याच्या हातातून पुसलं गेलं, तो घाबरलेला बाप आहे. मी माइल्सचा, का ते सांगतो. ग्वेनचे बाबा शेवटी पोलिसाची नोकरी सोडतात. मिगेलच्या हिशोबाने स्पायडरमॅनच्या जवळचा पोलीस कॅप्टन मरणार असं ठरलेलं, तर कॅप्टनच राहिले नाहीत. आणि आकाश काही फाटलं नाही. एवढी साधी वाट आहे. पण खरा निकाल तिसऱ्या भागात लागणार, तोपर्यंत आपण अर्ध्या पुराव्यावर कोर्ट चालवतोय, म्हणजे बघा, ताईच बरोबर निघते.

तिसरं लवकर सांगतो. ‘काय ॲनिमेशन आहे, नाद खुळा’ हे आपण शंभर वेळा म्हणतो. त्या रात्री आपल्यातल्या डिझायनर पोराने, जो स्वतः रात्री दोन-दोन वाजेपर्यंत क्लायंटचे बदल करत बसतो, आठवण काढली की पिक्चर लागल्याच्या महिन्यातच बातमी आली होती, साधारण शंभर कलाकार काम संपायच्या आधी सोडून गेले, आठवड्याचे सातही दिवस रोज अकरा तासांच्या वर काम, झालेले सीन परत परत बदलायला लावलेले. निर्मात्यांनी त्यांची बाजू मांडली होती. पण तुम्ही त्याला काय म्हणालात, ‘मूड नको घालवू.’ तिसऱ्या भागाला उशीर होतोय म्हणून शिव्या घालताना हे आठवावं एवढंच. नीट वेळ घेऊन, माणसं न पिळता बनवत असतील तर मी अजून एक वर्ष थांबायला तयार आहे, अण्णांचं माहीत नाही.

चौथं आणि मुख्य. मुंबॅटन आलं की गच्चीवर शिट्ट्या कुणी मारल्या? तुम्ही. चाय टी म्हणजे चहा चहा, या जोकवर कोण लोळलं? तुम्ही. ब्रिटिशांनी आपला माल नेला त्यावर टाळ्या, तुमच्याच. वीस मिनिटं वाद घातलात की प्रभाकर आडनाव आहे म्हणजे पोरगा मराठी असणार की नाही. (माझं मत, नसावा. पीटर पार्करला यमक जुळवायला केलेलं ते नाव आहे, २००४ च्या कॉमिकमध्ये, आणि पवित्र नावाचा पोरगा मी तरी आख्ख्या महाराष्ट्रात बघितलेला नाही. गावाकडून मुंबईला आलेला दाखवलाय, आता गाव कुठलं ते तुम्ही ठरवा.) मुंबईसारख्या दिसणाऱ्या शहरात मुंबईच्या पोराने उड्या मारल्या की छाती फुगते, आणि तोच पोरगा मराठीत बोलणार म्हटलं की हसू येतं. हिंदी आणि पंजाबीत त्याला शुभमन गिलने आवाज दिला, तेव्हा कुणी ‘शी, पंजाबीत स्पायडरमॅन’ म्हणालं नाही, उलट स्टेटसला ठेवलं.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. मराठी डबिंग वाईट असतं. बरोबर, पुष्कळदा असतं. पोरगा इमारतीवरून पडतोय आणि म्हणतोय ‘कृपया माझ्यावर विश्वास ठेव’, असं कोण पडतं? नाहीतर दुसरं टोक, गावरान शिव्या घालून नुसती कॉमेडी. मधली मराठी, म्हणजे तुम्ही-आम्ही आत्ता बोलतोय ती, ती कुणी लिहीत नाही. पण सांगा, लिहिणाऱ्याने लिहावी कुणासाठी? ऐकायला कोण बसलंय? गच्चीवरून परत येताना मी डोक्यात एक खेळ खेळत होतो, स्पायडरमॅनच्या काकाचं ते ताकद आणि जबाबदारीचं वाक्य मराठीत कसं म्हणाल. पुस्तकी करू नका. मी केलं ते असं, ‘अंगात बळ आलं की अंगावर जबाबदारी येते, पोरा.’ वाईट आहे का? अण्णांना म्हणून दाखवलं, ते म्हणाले ‘पोरा काढ.’ बरोबर म्हणाले, काढल्यावर चांगलं झालं.

पाचवं, आपण शहाणे लोक आहोत तरी हा हिशोब आपल्याला कळत नाही असं दाखवतो. पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत की शो कमी होतात, सोमवारपासून ती स्क्रीन दुसऱ्याला. मराठीला आधीच शो एक-दोन, तेही मोठ्या शहरात, भलत्या वेळेला. मग माणूस येत नाही. मग म्हणतात बघा, मराठीला प्रेक्षक नाही. शो नाही म्हणून माणूस नाही आणि माणूस नाही म्हणून शो नाही, आणि मध्ये आपण उभे, हसत. वितरक आणि थिएटरवाल्यांनाही माझं सांगणं आहेच, भाषांच्या यादीत मराठी लिहिता तर जिल्ह्याच्या गावाला निदान एक शो माणसाच्या वेळेला लावा, आणि तिकिटाच्या ॲपवर भाषा ठळक लिहा, शोधून शोधून डोळे गेले आमचे. पण त्यांच्याशी भांडायला आपला पाय आधी जमिनीवर पाहिजे. जे मागणार तेच हसले तर ते तरी कशाला लावतील?

तर मागण्या. मोठ्या नाहीत.

येत्या रविवारी कट्ट्यावर बुकिंगचा विषय परत घ्या आणि या वेळी हात वर करून मत घ्या. इंग्लिशचा शो रद्द करा असं मी म्हणत नाही, मीपण तो बघणार आहे, मूळ आवाज मला पण पाहिजेत. माझी मागणी दुसऱ्या शोची आहे. इंग्लिश शनिवारी रात्री करा, मराठी रविवारी सकाळी. सकाळच्या शोला घरची माणसं आणा, ज्यांना आपण एरवी ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणून घरी ठेवून जातो ती. ताईचं पोरगं मराठी शाळेत आहे, अण्णा आहेत, शेजारच्या काकूंना पण विचारा, रात्री दोनला उठवलंय आपण त्यांना.

तिसरा भाग मराठीत येणार का हे मागितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून जानेवारीतच थिएटरच्या मॅनेजरला आणि वितरकाला एक अर्ज द्यायचा, साध्या कागदावर, खाली सह्या, किती तिकिटं नक्की काढणार तो आकडा. पिक्चर लागायच्या आदल्या आठवड्यात जाऊन उपयोग नसतो, तेव्हा स्क्रीन वाटून झालेल्या असतात. अर्ज मी लिहितो, सह्या डिझायनर पोराने गोळा कराव्यात, त्याला कुणी नाही म्हणत नाही.

मराठी ट्रेलर आला तर आधी पूर्ण बघा. वाईट असेल तर वाईट म्हणा, कुठलं वाक्य वाईट आणि ते कसं पाहिजे होतं तेपण सांगा, मी स्वतः पहिला सांगेन. आवाज काढून रील करू नका. ज्याने कोळीमाणसाचा आवाज काढला त्याला वेगळी विनंती, भावा, तुझा आवाज खरंच चांगला आहे, डबिंगची ऑडिशन दे.

‘खरा फॅन’ हा शब्द कट्ट्यावर बंद. पिक्चर आवडला तर का, नाही आवडला तर का, एवढंच बोलायचं, आणि ताईचं बोलणं संपेपर्यंत मध्ये ‘पण मिगेल’ करायचं नाही. शेवट काय होतो ते पंधरा दिवस कुणी फोडायचं नाही, कारण सगळ्यांना पहिल्या रविवारी जमत नाही, काहींची शिफ्ट असते.

यातलं काही मान्य नसेल तरी चालेल, रविवारी या आणि समोर सांगा, इंग्लिशच का ते पटवून द्या, मी ऐकेन. फक्त हसून विषय संपवू नका.

मी साडेनवाला येतो. अण्णांना आणतोय, त्यांना स्पॉटबद्दल काहीतरी विचारायचं आहे, गेल्या तीन वर्षांपासून विचारतायत आणि मला उत्तर देता येत नाही. ट्रंकेतले चार अंक पण आणतो. चहाचे हात लावू नका, पानं तुटतात.

तुमचाच,
गच्चीवर शेवटी चादर घडी करत बसलेला